गँगस्टरपटातला निबर गडी: खरा कधी वाटतो आणि कशामुळे?

तिसरी_घंटा
आशियाई गँगस्टरपटांवर इथे अधूनमधून धागे निघतात, पण बहुतेक आवडत्या सिनेमांच्या यादीवर संपतात. मला एक नेमका प्रश्न मांडायचा आहे. हाँगकाँगचा नायक दोन्ही हातांत पिस्तुलं घेऊन हवेत झेपावतो. जपानच्या ताकेशी किटानोचा नायक समोरून गोळ्या येत असताना जागचा हलत नाही. कोरियातला नायक हातोडी घेऊन गर्दीत शिरतो आणि मध्येच धापा टाकत थांबतो. आपला भिकू म्हात्रे जल्लोष चालू असताना डोक्यात गोळी लागून पडतो. यांतला कोण वास्तवाच्या जवळ आहे हे सांगणं सोपं आहे. पण चौघंही निबर वाटतात, ते कशामुळे?

माझं मत असं की हत्यार किती अचूक दाखवलंय यावर ते ठरत नाही. सिनेमा त्या माणसाकडून काय वसूल करतो, यावर ठरतं. ज्याला काहीच मोजावं लागत नाही तो कितीही रुबाबदार असला तरी पोकळ वाटतो. प्रतिसाद देताना कृपया दृश्य सांगा, आणि ते कसं घडवलंय तेही सांगा.

घाटमाथा
विषय आवडला. बसतो.

रीळवाला
सुरुवात १९८६च्या 'अ बेटर टुमॉरो'पासूनच करावी लागेल. जॉन वूचा मार्क, म्हणजे चाव युन-फॅट, उपाहारगृहात बदला घ्यायला जातो. आत जाताना तो बोळातल्या कुंड्यांमध्ये पिस्तुलं लपवत जातो. लोक हे स्टाईल म्हणून लक्षात ठेवतात, पण ती एका अडचणीवर काढलेली वाट आहे. दोन्ही हातांत पिस्तूल असेल तर मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बदलायला हातच उरत नाही. म्हणून रिकामं झालेलं टाकायचं आणि परतीच्या वाटेवर कुंडीतून भरलेलं उचलायचं. शिवाय एवढ्या तयारीने आलेला माणूस चिडून नाही, ठरवून आलाय हे एकही संवाद न लिहिता कळतं.

आता वसुलीचं. त्याच प्रसंगात त्याच्या पायात गोळ्या बसतात. पुढे हाच माणूस पायाला पट्टा लावून लंगडत गाड्या पुसतो आणि गॅरेजमध्ये एकटा बसून डब्यातला भात खातो. लांब कोट आणि काळा चष्मा तरुणांनी उचलला, पण सिनेमाचा जीव त्या भातात आहे. वू हे चँग चेह यांचे सहायक होते आणि या सिनेमातला दुसरा नायक टी लुंग हा चँग चेह यांच्या तलवारपटांचा तारा. रक्ताळलेल्या पांढऱ्या कपड्यातला, मित्रासाठी मरणारा वीर तिथूनच आलाय. फक्त तलवारीच्या जागी बेरेटा पिस्तूल आलं.

काडतूस
बंदुकीचा तपशील महत्त्वाचा नाही, हे मला मान्य नाही.

बेरेटा ९२च्या मॅगझिनमध्ये १५ गोळ्या मावतात. एक चेंबरमध्ये, म्हणजे नळीत आधीच चढवलेली, धरली तर १६, दोन हातांत मिळून ३२. शेवटची गोळी सुटली की वरची स्लाईड मागे अडकून राहते. ही खूण पडद्यावर स्पष्ट दिसते. १९८०-९०च्या हाँगकाँगपटांत नायक पन्नासेक गोळ्या झाडतो आणि स्लाईड मात्र पुढेच असते, तेव्हा जाणकाराचा विश्वास उडतो. याउलट पोलिसाच्या हातात .३८चं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर असेल, तर सहावी सुटली हे प्रेक्षकही मोजतो. त्या मोजणीत ताण असतो. शस्त्राची मर्यादा पाळली की नायकाची मर्यादा आपोआप दिसते.

चित्रीकरणात नेमकं काय बिघडतं तेही सांगतो. ब्लँक काडतुसात दारू असते, पुढे गोळी नसते. त्यामुळे स्लाईड मागे ढकलायला लागणारा दाब तयार होत नाही. म्हणून नळीत आतून अडथळा बसवावा लागतो, तेव्हा कुठे पिस्तूल स्वतःहून पुढचं काडतूस घेतं. तरीही मध्येच अडकतं. अडकलं की नट क्षणभर पिस्तुलाकडे बघतो आणि टेक वाया जातो. दुसरी अडचण नळीच्या तोंडाशी निघणाऱ्या ज्वाळेची. फिल्मच्या कॅमेऱ्याचं शटर सेकंदाला २४ चौकटींच्या वेगात साधारण निम्मा वेळ बंद असतं. ज्वाळा काही मिलिसेकंदांची. ती शटर बंद असताना निघाली तर आवाज येतो, ज्वाळा दिसत नाही. जुन्या सिनेमांत काही गोळ्या 'नुसत्याच' वाजतात त्या यामुळे. आणि हो, ब्लँकचा गरम वायू जवळून गंभीर इजा करतो, म्हणून नेम माणसावर न धरता नेहमी थोडा बाजूला धरतात आणि कॅमेऱ्याच्या कोनाने तो फरक लपवतात.

उंबरठा
@काडतूस, माहिती पक्की आहे, पण निष्कर्ष पटत नाही. वूच्या 'हार्ड बॉइल्ड'मध्ये (१९९२) रुग्णालयातला पावणेतीन मिनिटांच्या आसपासचा अखंड शॉट घ्या. गोळ्यांचा हिशेब तिथे लागणारच नाही. तरी तो प्रसंग श्वास रोखून धरायला लावतो, कारण दोघं नायक एका मजल्यावरून लिफ्टने दुसऱ्यावर जातात आणि कट नाही. लिफ्टचं दार बंद असताना बाहेर कामगारांनी तोच बोळ झटपट साफ करून दुसरा मजला म्हणून उभा केला. आणि त्या बंद लिफ्टमध्ये काय घडतं? दोघांतल्या एकाला कळतं की धुमश्चक्रीत आपण एका पोलिसाला मारलंय. दिग्दर्शकाने तांत्रिक कसरतीच्या ऐन मध्यावर अपराधाचा क्षण ठेवलाय. ३२ आणि ५०चा हिशेब तिथे आठवतही नाही.

काडतूस
तो अपवाद आहे. एवढी ताकद प्रत्येकात नसते, आणि नसेल त्याने निदान स्लाईड तरी बघावी.

सांजसावली
जपानकडे वळूया, कारण 'वास्तव' हा शब्द तिथे फार लवकर कामाला लागला.

१९६०च्या दशकातला याकुझापट, म्हणजे जपानी गुंडटोळ्यांवरचा सिनेमा, म्हणजे किमोनो, तलवार आणि दिलेला शब्द. त्यातला नायक केन ताकाकुरा अन्याय सोसत राहतो आणि शेवटी एकटा चालून जातो. १९७३ साली किंजी फुकासाकूंनी तोएई कंपनीसाठी 'बॅटल्स विदाउट ऑनर अँड ह्युमॅनिटी' केला आणि त्या प्रतिमेचा पायाच काढून घेतला. आधार एका खऱ्या गुंडाच्या तुरुंगातल्या आठवणींचा, जागा हिरोशिमाजवळचं कुरे, काळ युद्धानंतरचा काळाबाजार. सुरुवातच अणुबॉम्बच्या ढगावर. कॅमेरा हातात धरलेला, तिरका, गर्दीत ढकलला जाणारा. कोण कोणाला मारतोय हे धड कळत नाही, आणि तसं कळू नये हाच हेतू. माणूस मेला की चित्र थिजतं आणि त्यावर नाव व तारीख उमटते. त्यामुळे मृत्यूला वीररस चढत नाही, त्याची नुसती नोंद होते.

चुकीचं प्रायश्चित्त म्हणून करंगळी कापण्याचा प्रसंग बघा. आधीच्या पठडीत हा विधी गंभीर असता. इथे कापलेलं बोट उडून जातं, सगळे शोधत फिरतात आणि ते सापडतं कोंबड्यांच्या खुराड्यात. निबरपणाचा सगळा थाट एका फटक्यात उतरतो आणि नायक बुंता सुगावाराचा चेहरा तरीही विश्वासार्ह राहतो, कारण तो आता देवळातला पुतळा नसून घाम आलेला माणूस आहे.

बाभूळबन
+१. त्याला जोडून किटानो. 'सोनाटिने'तला (१९९३) लिफ्टमधला गोळीबार बघा. बंद जागा, हातभर अंतर, कोणी वाकत नाही, कोणी आडोसा घेत नाही. सगळे उभे राहून झाडतात. प्रत्यक्षात एवढ्या जवळून आडोसा घ्यायला वेळच नसतो, त्यामुळे ही 'स्टाईल' बऱ्याच 'वास्तववादी' कसरतींपेक्षा खरी आहे. शेवटची मोठी चकमक तर आपण आतून बघतच नाही. बाहेर अंधार, आणि हॉटेलच्या खिडक्यांत गोळ्यांचे लखलखाट.

किटानोची पद्धत म्हणजे मारहाणीचा मधला भाग कापायचा. आधीची शांतता ठेवायची, नंतरचा पडलेला माणूस ठेवायचा. मधलं प्रेक्षक भरतो, आणि तो दिग्दर्शकापेक्षा जास्त हिंसक भरतो. मात्र हे करायला शांततेचे शॉट लांब लागतात. ते छाटले तर नुसता धक्का उरतो. ओकिनावाच्या किनाऱ्यावर गुंड कागदी पैलवानांसारखे सुमो खेळतात, वाळूत खड्डे खणून एकमेकांना पाडतात, फटाके उडवतात. तो भाग 'संथ' म्हणून वगळणाऱ्याला शेवट कळणार नाही.

मोडीलिपी
निबर गड्याच्या प्रतिमेला खरे गुंड किती जपतात याचं एक उदाहरण इथे हवंच. जुझो इतामींनी १९९२ साली 'मिंबो' केला. त्यात याकुझा म्हणजे हॉटेलच्या स्वागतकक्षात आरडाओरडा करून पैसे उकळणारे भुरटे, आणि एक वकील बाई कर्मचाऱ्यांना शिकवते की त्यांच्यापुढे कसं उभं राहायचं: एकट्याने बोलायचं नाही, शब्द द्यायचा नाही, धमकीची नोंद ठेवायची. प्रदर्शनानंतर काही दिवसांतच इतामींच्या घराजवळ टोळीच्या पाच जणांनी त्यांच्यावर सुऱ्यांनी हल्ला केला, चेहऱ्यावर वार केले. त्याच वर्षी मार्चमध्ये जपानचा टोळीविरोधी कायदा अमलात आला होता. याकुझा क्रूर दाखवणारे शेकडो सिनेमे टोळ्यांना चालले. सामान्य माणूस त्यांना घाबरेनासा होतो असं दाखवणारा हा सिनेमा मात्र त्यांना खपला नाही.

तिसरी_घंटा
@मोडीलिपी, हे फार महत्त्वाचं. मी 'वसुली' म्हणालो तेव्हा फक्त नायकाचा विचार केला होता. इथे दिग्दर्शकाकडूनच वसूल झालं.

लाल_माती
कोरिया राहिला की!

दक्षिण कोरियात खाजगी बंदुकीवर कडक निर्बंध आहेत, शिकारीच्या बंदुकासुद्धा पोलीस ठाण्यात जमा ठेवाव्या लागतात. त्यामुळे तिथला गुन्हेगार चाकू, कुऱ्हाड, लोखंडी सळई घेऊन येतो. 'द यलो सी'मध्ये (२०१०) तर एक जण जनावराचं मोठं हाड घेऊन लोकांना मारतो. बंदूक नसली की दोन गोष्टी आपोआप होतात. मारणाऱ्याला जवळ जावं लागतं, आणि मारणारा थकतो.

'ओल्डबॉय'चा (२००३) बोळ यावरच उभा आहे. कॅमेरा बाजूने, रुळावर, पात्रांना समांतर सरकतो. कट नाही. तीन दिवस चित्रीकरण, १७ टेक. पाठीत खुपसलेला चाकू तेवढा संगणकावर घातलेला. ही बाजूची चौकट इतकी अवघड का, ते समजून घ्यायला हवं. नेहमीच्या मारामारीत कॅमेरा एकाच्या खांद्यामागे असतो, त्यामुळे मूठ चेहऱ्यापासून वीतभर लांबून गेली तरी लागल्यासारखी दिसते. बाजूने बघताना ती वीत उघडी पडते. म्हणजे ठोसे बरेचसे अंगावर घ्यावे लागतात, कपड्याखाली गादी लावून. शिवाय मागच्या रांगेतल्या प्रत्येकाला सतत काहीतरी करत राहावं लागतं, कारण कट नसल्याने रिकामा उभा राहिलेला माणूस लगेच दिसतो. आणि नायक चोई मिन-सिक खरोखर दमलेला आहे. मध्ये सगळेच थांबतात, कण्हतात, पुन्हा उठतात. त्या थांबण्यात सगळं आहे.

घाटमाथा
बंदूक नसणं हा मुद्दा हाँगकाँगलाही लागू होतो. जॉनी टो यांच्या 'इलेक्शन'मध्ये (२००५) एकही गोळी सुटत नाही. ट्रायड टोळीची दर दोन वर्षांनी होणारी निवडणूक, आणि विरोधात गेलेल्या ज्येष्ठांना लाकडी खोक्यात बंद करून डोंगरउतारावरून सोडून देतात. पुन्हा वर आणतात, पुन्हा सोडतात. शेवट तर तळ्याकाठी, दगडाने. बघताना हात आखडतात.

याच टोंनी 'द मिशन'मध्ये (१९९९) उलट टोक गाठलंय. मॉलमध्ये पाच अंगरक्षक आपापला कोन धरून खांबांसारखे उभे राहतात. कोणी धावत नाही. प्रत्येकाने कोणती दिशा राखायची हे ठरलेलं आहे आणि ते चौकटीतून कळतं. पाच माणसं कॅमेऱ्यापासून पाच वेगवेगळ्या अंतरांवर उभी केली, तर कॅमेऱ्याला न फिरताही दृश्यात हालचाल मिळते.

उंबरठा
मुंबई घ्या आता. इथल्या कितीतरी जणांना हाँगकाँग पाठ आहे आणि 'अर्धसत्य' विसरलाय.

सांजसावली
विसरलेलं नाही! १९८३. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, पटकथा विजय तेंडुलकरांची, कविता दिलीप चित्र्यांची, दिग्दर्शन गोविंद निहलानींचं. ओम पुरींचा अनंत वेलणकर हा निबर पोलीस, पण त्याचा निबरपणा अपमानातून येतो. बापाचा मार, वरिष्ठांचं बोटचेपेपण, रामा शेट्टीपुढची हतबलता. हे सगळं त्याच्या हातात साठतं आणि लॉकअपमधल्या एका किरकोळ चोरावर निघतं. तो माणूस मरतो. हिंदी सिनेमात मारणारा पोलीस तोवर टाळ्या घ्यायचा. इथे मारल्यानंतर त्याच्या चेहऱ्यावर भीती आहे. सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी आवाजसुद्धा चढवत नाही, आणि खोलीतला सगळ्यांत भयंकर माणूस तोच असतो.

रीळवाला
'सत्या' (१९९८) याचाच पुढचा टप्पा. भिकूच्या मृत्यूला रामगोपाल वर्मांनी काही म्हणजे काही तयारी दिली नाही. मंद गती नाही, संगीताचा इशारा नाही. टोळीचा राजकारणी भाऊ निवडणूक जिंकल्याचा जल्लोष, हसणं, आणि धाड. वूने हाच मृत्यू दोन मिनिटं लांबवला असता, आणि त्याच्या जगात तेही योग्य ठरलं असतं. नंतर चौपाटीवर विसर्जनाच्या गर्दीत भाऊला मारतात, तेव्हा हत्यार चाकू. गुलालात, ढोलांत बाजूच्या माणसालाही कळत नाही.

लाल_माती
'ब्लॅक फ्रायडे'तला झोपडपट्टीतला पाठलाग यात हवाच. पळणारा दमतो, पोलीस दमतात, सगळे चालायला लागतात, पुन्हा पळतात. पाठलागाच्या प्रसंगात दम लागणं दाखवायला फार धीर लागतो, कारण संकलनाची सवय नेमकं तेच कापण्याची असते.

नवा_भिडू
सगळं वाचलं. एक प्रश्न: पन्नास हजारांच्या आतल्या लघुपटात दोन माणसांची झटापट आणि एक गोळी दाखवायची असेल, तर यातलं काय जमेल? डिजिटल कॅमेरा, चार जणांचा चमू.

काडतूस
ब्लँक विसरा. परवाना, शस्त्राचा जबाबदार माणूस, विमा, यातलं काहीच या पैशात बसत नाही. नकली पिस्तूल घ्या, ज्वाळा नंतर घाला. 'द रेड'सारख्या मोठ्या इंडोनेशियन मारधाडपटातही एअरसॉफ्ट, म्हणजे प्लॅस्टिकच्या छऱ्यांच्या, बंदुका वापरून ज्वाळा आणि रिकामी काडतुसं संगणकावर घातली होती. पण तीन गोष्टी सांभाळा. पहिली, नुसती ज्वाळा डकवली की खोटी दिसते, कारण चेहऱ्यावर आणि भिंतीवर तिचा उजेड पडत नाही. त्या एका-दोन चौकटींत चेहरा आणि भिंतही उजळा. सेटवर खरा फ्लॅश उडवू नका. बहुतेक डिजिटल सेन्सर चौकट वरून खाली वाचतात, त्यामुळे अर्धीच चौकट उजळते आणि मध्ये आडवी रेघ येते. दुसरी, नटाला झटका नीट घ्यायला शिकवा. मनगट उडवू नका, झटका कोपरापर्यंत जाऊ द्या. डोळे मिटायचे नाहीत. तिसरी, रस्त्यावर नकली पिस्तूल बाहेर काढण्याआधी स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवा. आजूबाजूच्या लोकांना ते खरंच वाटतं आणि धावपळ होते.

लाल_माती
झटापटीसाठी: कॅमेरा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे, ८५ मिमीच्या आसपासची लेन्स. लांब लेन्समुळे मूठ आणि गाल यांतलं अंतर दबतं. मूठ गालापासून वीतभर लांबून, कॅमेऱ्याच्या रेषेत आडवी जाऊ द्या. मार खाणाऱ्याने मान मूठ पोचताना फिरवायची, आधी नाही. हे आधी फिरणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे. सराव आधी निम्म्या वेगात, मग पाऊण, आणि चित्रीकरणही पाऊण ते पूर्ण वेगाच्या मध्येच. पूर्ण वेगात नवखे नट अंतर विसरतात. मारामारी वीस सेकंदांच्या वर नेऊ नका, आणि त्यातले पाच सेकंद दोघं एकमेकांना धरून नुसते धापा टाकू द्या.

सांजसावली
रक्त: बेकरी सामानाच्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं. एक वाटी ग्लुकोज, पाव वाटी कोमट पाणी, दीड चमचा खाण्याचा लाल रंग, अर्धा चमचा कोको पावडर, आणि निळ्या रंगाचा एकच थेंब. कोको नसेल तर कॅमेऱ्यात गुलाबी दिसतं, निळा जास्त झाला तर जांभळं. आदल्या दिवशी त्याच दिव्याखाली, त्याच कापडावर चाचणी घ्या. गडद शर्टावर काही दिसणार नाही, हाँगकाँगच्या नायकांना पांढरे सूट घालण्यामागे हेही एक कारण. एकसारखे किमान तीन शर्ट ठेवा, डाग पडला की दुसरा टेक जुन्या शर्टात घेता येत नाही. आणि डोळ्यांत जाऊ देऊ नका.

बाभूळबन
आवाजाबद्दल कोणीच बोललं नाही. हाँगकाँगचे बहुतेक सिनेमे १९९०च्या दशकापर्यंत आवाजाशिवाय चित्रित व्हायचे आणि सगळं नंतर भरायचे, संवादसुद्धा. म्हणून प्रत्येक ठोसा सारखाच 'ढिश्श' वाजतो. @नवा_भिडू, ठोशाचा आवाज बारीक ठेवा. कपड्याची सरसर, चपलेचं घासणं, श्वास हे मोठं ठेवा. बंद खोलीत गोळी सुटली की पुढचे काही सेकंद बाकीचे आवाज जवळजवळ बंद करा. खोली खरी वाटते आणि पैसा लागत नाही.

नवा_भिडू
वाचनखूण साठवली. मनापासून आभार सगळ्यांचे.

उंबरठा
मूळ प्रश्नाकडे येते. @तिसरी_घंटा, तुमच्या सिद्धांताला एक अडचण आहे. सैजुन सुझुकींचा 'ब्रँडेड टू किल' (१९६७). मारेकऱ्याला शिजत्या भाताच्या वासाने उन्माद चढतो, एक खून तो फुलपाखरू नेमावर बसल्यामुळे चुकवतो. त्याच्याकडून काय वसूल होतं याचा नीट हिशेब लागत नाही, पट निव्वळ शैलीवर चालतो. निक्कात्सू कंपनीने या सिनेमानंतर सुझुकींना काढून टाकलं. तरीही तो मारेकरी डोक्यातून जात नाही.

तिसरी_घंटा
अडचण खरी आहे. पण तिथेही त्या माणसाची मारेकऱ्यांतली क्रमवारी त्याला खाऊन टाकते. पहिला क्रमांक मिळवण्याच्या वेडात तो सगळं गमावतो. वसुली आहे, फक्त ती स्वप्नाच्या नियमांनी होते. पूर्ण पटणार नाही तुम्हाला, ठाऊक आहे.

उंबरठा
नाही पटलं. :) पण 'इन्फर्नल अफेअर्स' (२००२) तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे, आणि तो अजून कोणी मांडला नाही याचं आश्चर्य वाटतं. टोळीने पोलिसांत पेरलेला माणूस मूळ शेवटात सुटतो. स्मशानात, ज्याची ओळख त्याने पुसली होती त्या खऱ्या पोलिसाला सलाम करतो आणि त्याच खोट्या गणवेशात जगत राहतो. चीनच्या मुख्य भूमीसाठी वेगळा शेवट चित्रित केला. त्यात तो लिफ्टमधून बाहेर येतो, पुरावा सापडल्याचं त्याला सांगतात, तो ओळखपत्र काढून देतो आणि मुकाट्याने अटक होतो. नट तोच, इमारत तीच. दुसऱ्या शेवटात कायदा वसूल करतो आणि माणूस मोकळा होतो. पहिल्यात वसुली संपतच नाही.

काडतूस
दोन्ही शेवट लागोपाठ बघायला हवेत. दुसऱ्यात अँडी लाऊ ओळखपत्र देतो तेव्हा त्याचे खांदे उतरतात का, ते नीट बघा.